धुरजड आणि उलाळ

१८ जून २०१७ च्या रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या पुण्यातल्या घरात दोन पडदे चालू होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ओव्हलवरचा चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना रंगला होता, पाकिस्तानचा डाव ३३८ धावांच्या आसपास आटोपत आला होता आणि बुमराच्या त्या नो-बॉलवरून घरातली मंडळी अजूनही हळहळत होती. आतल्या खोलीत मी एकटाच लॅपटॉपसमोर बसलो होतो. फ्रान्समध्ये ल माँ येथे चोवीस तासांची शर्यत संपायला आली होती आणि जीटी गाड्यांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या, वर्गात पहिल्या क्रमांकावरची पिवळी कॉर्व्हेट आणि तिच्या पाठीला चिकटलेली ॲस्टन मार्टिन यांच्यात, जवळजवळ एक संपूर्ण दिवस आणि एक संपूर्ण रात्र पळून झाल्यावरही, गाडीच्या लांबीपेक्षा फारसे अंतर उरलेले नव्हते.

पुढे जे झाले ते मी तेव्हापासून कितीतरी वेळा पुन्हा पाहिले आहे. जॉनी ॲडमने आर्नाजच्या वळणावर ॲस्टन आतल्या बाजूने घुसवली, ती रुंदावत बाहेर गेली आणि जॉर्डन टेलरने कॉर्व्हेट पुन्हा पुढे काढली. मात्र त्यानंतरच्या धावपळीत कॉर्व्हेटच्या पुढच्या डाव्या टायरने जीव सोडला आणि शेवटची फेरी सुरू होताना, मुख्य सज्जासमोरच्या सरळ रस्त्यावर, ॲस्टन तिच्या बाजूने सहज निघून गेली. टेलर तशीच लंगडी गाडी फेरीभर रेटत राहिला, तेव्हा शेवटच्या क्षणी एका फोर्डनेही त्याला मागे टाकले आणि चोवीस तासांच्या कष्टांचे फळ पहिल्यावरून तिसऱ्यावर आले. मी ओरडलो, तेव्हा बाहेरच्या खोलीतून कोणीतरी विचारले, "काय रे, विकेट पडली का?"

त्या संध्याकाळी माझ्या मनात जे राहिले ते टायरपेक्षा वेगळे होते. त्या वर्गात पाच कंपन्या होत्या. फोर्ड, फेरारी आणि त्याच वर्षी नव्याने आखलेली पोर्शे या तिघींची इंजिने चालकाच्या पाठीमागे, दोन ॲक्सलच्या मध्ये होती. कॉर्व्हेट आणि ॲस्टन या दोघींचीच इंजिने पुढे, बॉनेटखाली होती. मोटार शर्यतींच्या जगात साठ वर्षांपूर्वी निकालात निघालेला वाद त्या दिवशी पुन्हा उघडला गेला होता आणि हरणाऱ्या पक्षाच्या दोन गाड्या पहिल्या क्रमांकासाठी आपापसांत भांडत होत्या.

इंजिन कुठे असावे या प्रश्नाची माझी पहिली ओळख मोटारींवरून झालेली नाही. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांची बैलगाडी होती आणि ऊस भरताना ते स्वतः साटीच्या बाजूला उभे राहत. मोळ्या कुठे टाकायच्या, हे गड्यांना सांगण्यासाठी त्यांना दोनच शब्द पुरत असत. वजन पुढे जास्त झाले की गाडी धुरजड होते, जू बैलांच्या मानेवर दाबते आणि चढावर बैल दमतात. वजन मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. आजोबा शेवटी धुरेखाली हात घालून ती किंचित उचलून पाहत आणि मगच दोर आवळायला सांगत. त्यांचा नियम साधा होता: गाडी जराशी धुरजड चालेल, उलाळ मात्र अजिबात नको, कारण धुरजड गाडी बैलाला दमवते आणि उलाळ गाडी त्याला मारते. जीटी शर्यतींविषयी पुढे जे काही वाचले आणि पाहिले, त्यात या एका वाक्याच्या बाहेरचे फारच थोडे निघाले, असे मला कधीकधी वाटते.

गंमत अशी की एन्झो फेरारी यांच्या नावावरही बैलाचेच एक वाक्य सांगितले जाते. बैल गाडी ओढतात, ढकलत नाहीत, अशा अर्थाचे. इंग्लंडमधल्या कूपरसारख्या छोट्या कारखान्याने चालकाच्या पाठीमागे इंजिन बसवून १९५८ मध्ये अर्जेंटिनाची ग्रांप्री जिंकली आणि १९५९ मध्ये जॅक ब्रॅबमला जगज्जेता केले, तरीही फेरारी आपल्या म्हणण्यावर अडून राहिले. १९६० मध्ये मोंझा येथे फिल हिलने पुढे इंजिन असलेली फेरारी चालवून शर्यत जिंकली, पण ब्रिटिश संघांनी त्या शर्यतीवर बहिष्कार टाकला होता आणि जागतिक अजिंक्यपद शर्यतींत पुढे इंजिन असलेल्या गाडीचा तो शेवटचा विजय ठरला. पुढच्याच वर्षी त्याच फिल हिलने इंजिन मागे असलेल्या फेरारीतून अजिंक्यपद मिळवले. एकेरी आसनाच्या गाड्यांपुरता वाद तिथेच मिटला.

जीटीमध्ये मात्र तो मिटला नाही आणि त्याचे पहिले कारण अभियांत्रिकीत नसून नियमपुस्तकात आहे. जीटी गाडी ही मुळात रस्त्यावर विकली जाणारी गाडी असावी लागते, निदान तसे सिद्ध तरी करावे लागते. फेरारीची २५० जीटीओ पुढे इंजिन असलेली होती आणि आधीच्या मॉडेलचीच सुधारित आवृत्ती म्हणून तिला मान्यता मिळाली. तिच्या जागी मध्यभागी इंजिन असलेली २५० एलएम आणण्याचा कंपनीचा विचार होता, परंतु नियमाला शंभर गाड्या हव्या होत्या आणि बनल्या होत्या तीसच्या आसपास, त्यामुळे अधिकाऱ्यांनी जीटी म्हणून तिला नकार दिला. त्या गाडीला प्रोटोटाइपांच्या, म्हणजे केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या, रांगेत उभे राहावे लागले आणि तिथून तिने १९६५ ची ल माँची शर्यत सर्वांमध्ये पहिली येऊन जिंकली. जीटीचे अजिंक्यपद त्या वर्षी कोणाला मिळाले? पुढे भलेथोरले अमेरिकन इंजिन घेऊन धावणाऱ्या शेल्बी डेटोना कूपेला. जी गाडी सर्वांना हरवू शकत होती तिला जीटीचा दरवाजा बंद होता आणि ज्या गाडीला दरवाजा उघडा होता तिचे इंजिन पुढे होते, एवढाच या कथेचा अर्थ. पुढे इंजिन असलेल्या गाडीची जीटीमधली सद्दी ही अशी नियमाच्या सावलीत वाढलेली आहे, हे तिच्यावर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्यानेही आधी कबूल केलेले बरे.

मध्यभागी इंजिन असण्याचा फायदा नेमका कशात आहे हे पाहायचे असेल तर पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागात तासभर उभे राहावे. मुरलेला हमाल हातगाडीवर गुळाच्या ढेपा रचताना पहिल्या ढेपा नेमक्या चाकांच्या वर ठेवतो आणि तिथून वर चढत जातो. नवखा पोरगा त्याच ढेपा गाडीच्या दोन्ही टोकांना विभागून ठेवतो. वजन सारखेच, तोलही सारखाच. पण गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना पहिल्याची गाडी मनगटाच्या एका हिसक्यात फिरते आणि दुसऱ्याला संपूर्ण अंग तिरपे करून गाडी आधी वळवावी लागते आणि मग, वळू लागलेली ती गाडी थांबवण्यासाठी, तितकाच जोर उलट लावावा लागतो. शाळेच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. वस्तुमान किती आहे यापेक्षा ते फिरण्याच्या केंद्रापासून किती दूर आहे, हा तो प्रश्न.

आधुनिक जीटी गाड्यांच्या बाबतीत लोकांची फसगत इथेच होते. पुढे इंजिन म्हणजे पुढे जड, असे आपण गृहीत धरतो, कारण आपल्या दारातली गाडी तशी असते. कॉर्व्हेटने १९९७ पासून गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलपाशी नेला आणि इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवले. ॲस्टन मार्टिन व्हँटेजची आणि मर्सिडीजच्या एसएलएसची रचनाही याच वळणाची. एसएलएसचे वजन पुढे ४७ आणि मागे ५३ टक्के असे पडत असे, म्हणजे काट्यावर चढवली तर ती गाडी किंचित उलाळच निघेल! तेव्हा वजनाची वाटणी हा भांडणाचा मुद्दाच राहिलेला नाही. राहिला आहे तो त्या नवख्या पोराच्या हातगाडीचा मुद्दा: इंजिन एका टोकाला, गिअरबॉक्स दुसऱ्या टोकाला. ही गाडी वळायला थोडी उशिरा तयार होते, पण एकदा वळणात बसली की सहजासहजी उठत नाही. इंजिन मध्यभागी असलेली गाडी चालकाच्या विचाराबरोबर वळते आणि चालकाचा विचार चुकला तर तितक्याच तत्परतेने गर्रकन फिरून उलट तोंड करते.

आणखी एक मुद्दा हवेचा आहे आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांत तोच अधिक निर्णायक ठरला. गाडीच्या मागच्या बाजूला, तळाशी, हवा हळूहळू पसरत बाहेर पडावी म्हणून वर चढत जाणारा एक उतार असतो. त्याला डिफ्यूझर म्हणतात आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरण्याचे बरेचसे काम तो फुकटात करतो. पोर्शे ९११ चे इंजिन पिढ्यान्‌पिढ्या मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबत आले आहे, म्हणजे डिफ्यूझरला जिथे जागा हवी नेमके तिथेच. २०१६ पासून नियमांनी मोठ्या डिफ्यूझरला परवानगी दिली, तेव्हा २०१७ च्या ९११ आरएसआरमध्ये पोर्शेने घराण्याचा कुळाचार मोडला आणि इंजिन उचलून ॲक्सलच्या पुढे आणले. बाहेरून ती ९११ च दिसत होती, आत मात्र देवघर हलवले होते. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, पोर्शेच्याच एका जुन्या गाडीचे 'गुलाबी डुक्कर' नावाचे रंगकाम अंगावर घेऊन त्याच गाडीने ल माँला आपला वर्ग जिंकला.

माझ्याकडे एक वही आहे. साधी, दोनशे पानी, बाजूला समासाची रेघ असलेली. तिच्यात मी तीन रकाने आखले आहेत, पुढे, मध्ये आणि मागे, आणि मोठ्या शर्यतींतल्या जीटी विजेत्यांची नोंद त्या त्या रकान्यात करतो. यातून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, पण माणसाला काही सवयी लागतात. २०११ ते २०२२ या बारा वर्षांत ल माँच्या व्यावसायिक जीटी वर्गाचे विजेते मोजले तर मध्ये इंजिन असलेल्या गाड्या सात वेळा, पुढे इंजिन असलेल्या चार वेळा आणि मागे इंजिन असलेली, म्हणजे जुनी पोर्शे, एकदा जिंकली, २०१३ मध्ये. चार विजयांपैकी दोन कॉर्व्हेटचे, २०११ आणि २०१५. दोन ॲस्टनचे, २०१७ आणि २०२०. मध्य जिंकला, यात शंका नाही. पण बारापैकी चार हा आकडा मोडीत निघालेल्या रचनेचा नव्हे.

कॉर्व्हेटवर इथे थोडे थांबले पाहिजे, कारण हा सगळा वाद तिच्या एका घरात घडला. झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीच्या कानीकपाळी ओरडून सांगितले की कॉर्व्हेटचे इंजिन चालकाच्या मागे हवे. त्याने प्रायोगिक गाड्या बनवल्या, कंपनीने कौतुक केले आणि इंजिन पुढेच ठेवले. डंटोव्ह १९९६ मध्ये वारला. त्याचे म्हणणे २०१९ च्या जुलैमध्ये, सी८ ही नवी कॉर्व्हेट जगासमोर आली तेव्हा मान्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर तिची शर्यतीची आवृत्ती, सी८.आर, उतरली. पहिल्या दोन्ही वर्षी अमेरिकेतले अजिंक्यपद तिने जिंकले. एवढे वाचून कोणीही म्हणेल की बघा, म्हातारा बरोबर होता.

परंतु त्याआधीची तीन वर्षे पाहा. २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये अमेरिकेतले तेच अजिंक्यपद पुढे इंजिन असलेल्या सी७.आरच्या, म्हणजे आधीच्या कॉर्व्हेटच्या, चालकांनी लागोपाठ जिंकले आणि समोर मध्ये इंजिन असलेली फोर्ड होती, फेरारी होती, २०१७ पासून नवी पोर्शेही होती. २०१८ ला तर गार्सिया आणि माग्नुसन यांनी वर्षभरात एकही शर्यत न जिंकता अजिंक्यपद घेतले. दुसरे, तिसरे, चौथे, पुन्हा दुसरे.  गाडी जराशी धुरजड चालेल, असे म्हणणारे माझे आजोबा मला ती मोसमभराची गुणतालिका पाहताना फार आठवले. सी८ आल्यावर मी काही दिवस रुसलो होतो, हेही सांगून टाकतो. जुन्या व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाचा तो खर्जातला, पोटात घुमणारा आवाज जाऊन त्याजागी इटालियन वळणाची किंचाळी आली, याचे दुःख तर्काने समजावता येत नाही.

हा वाद निर्विवादपणे सोडवायचा तर एकच गाडी, तेच लोक आणि फक्त इंजिनाची जागा बदललेली, असा प्रयोग व्हायला हवा. असा प्रयोग जपानमध्ये झाला, तोही आपखुशीने नाही. सुपर जीटी मालिकेच्या वरच्या वर्गात २०१४ पासून सर्वांना पुढे इंजिन ठेवण्याचे बंधन आले, पण होंडाने सवलत मागून एनएसएक्सचे इंजिन मध्येच ठेवले आणि त्याबद्दल दंड म्हणून गाडीवर जादा वजन वाहिले. आपल्या नरेन कार्तिकेयनने २०१९ मध्ये हीच गाडी चालवली आणि त्या नोव्हेंबरमध्ये फुजीला जर्मनीच्या डीटीएम मालिकेतल्या गाड्यांबरोबर झालेल्या एकत्रित शर्यतींपैकी रविवारची जिंकली. २०२० मध्ये सवलत संपली. होंडाने इंजिन उचलून बॉनेटखाली नेले, जी गाडी रस्त्यावर मध्यभागी इंजिन घेऊन फिरते ती शर्यतीत पुढे इंजिन घेऊन उभी राहिली. आणि निकाल? २०१८ चे अजिंक्यपद नाओकी यामामोतोने जेन्सन बटनबरोबर मध्ये इंजिन असलेल्या एनएसएक्समधून जिंकले. २०२० चे अजिंक्यपद त्याच यामामोतोने तादासुके माकिनोबरोबर पुढे इंजिन असलेल्या एनएसएक्समधून जिंकले. तेही कसे, तर शेवटच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर पुढे चाललेल्या टोयोटाच्या सुप्राचे पेट्रोल संपले म्हणून. इंजिन पुढे की मध्ये, या प्रश्नाला नियतीने तिथे असे मिश्कील उत्तर दिले की वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी गप्प बसावे.

आज जगभर जीटी शर्यती मुख्यतः जीटी३ नियमांखाली होतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या या वर्गाचा पायाच समतोलाचा आहे. प्रत्येक गाडीची चाचणी होते, आकडे जमतात आणि मग वेगवान गाडीवर शिशाचे वजन चढते, तिच्या इंजिनाला मिळणारी हवा किंवा टर्बोचा दाब कमी होतो, जमिनीपासूनची उंची वा मागच्या पंखाचा कोन बांधून दिला जातो. ज्याला हे पटत नाही तो म्हणतो की मग इंजिनाच्या जागेवर चर्चा कशाला, अधिकाऱ्यांनी ठरवले तर बैलगाडीही जिंकेल. मी हा आक्षेप बरीच वर्षे मान्य करत आलो आणि आता करत नाही.

कारण समतोल साधला जातो तो फेरीच्या वेळेचा. फेरी कशी घडली, याचा समतोल कोणालाही साधता येत नाही. समजा, दोन गाड्या एका फेरीला अगदी सारखाच वेळ घेतात. त्यातली एक, बहुधा मध्ये इंजिन असलेली, आपला वेळ वळणात शिरताना कमावते. ब्रेक उशिरा दाबते, चारही टायरांवर भार वाटून घेते, आत लवकर वळते. दुसरी, मोठे इंजिन पुढे घेऊन धावणारी, वळणात थोडे गमावते आणि सरळ रस्त्यावर ते भरून काढते. रिकाम्या ट्रॅकवर दोघी सारख्या. पण शर्यतीत ट्रॅक रिकामा नसतो. समोर तिसरी गाडी आली की वळणातला वेग वापरताच येत नाही, कारण वळणात एकच रेषा असते आणि ती त्या तिसऱ्या गाडीने अडवलेली असते. सरळ रस्त्यावर मात्र बाजूला येऊन निघून जाता येते. सरळ रस्त्यावरचा वेग ही रोख रक्कम आहे आणि वळणातला वेग ही स्थावर मिळकत. अडीअडचणीला रोखच उपयोगी पडते. बेंटलीची ती प्रचंड कॉन्टिनेंटल किंवा बीएमडब्ल्यूची एम६ या गाड्या जीटी३ मध्ये पाहताना, लग्नातला सोफासेट कोणीतरी ट्रॅकवर आणून ठेवला आहे असे वाटायचे, पण तो सोफासेट सरळ रस्त्यावर शेजारून निघून गेला की हसू मावळत असे.

दुसरी गोष्ट माणसांची. जीटी३ च्या चोवीस तासांच्या शर्यतींत अनेक गाड्यांमध्ये व्यावसायिक चालकांबरोबर हौशी चालकही असतो, जो एरवी उद्योग सांभाळतो आणि स्वतःच्या पैशाने शर्यतीत उतरतो. चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेणी असतात आणि ल माँच्या नव्या जीटी३ वर्गात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ चालक असलाच पाहिजे. गाडीची सर्वोत्तम फेरी प्लॅटिनम चालक काढतो, पण शर्यत ठरते ती ब्राँझ चालकाच्या रात्रीच्या पावसातल्या दोन तासांत. तिथे त्याला आधी पुढचे टायर घसरू लागल्याचा इशारा देणारी, मग हळूहळू रुंदावत जाणारी आणि सावरायला क्षणभर उसंत देणारी गाडी हवी असते. इशारा न देता मागून सुटणारी गाडी त्याला नको असते. धुरजड दमवते, उलाळ मारते.

बेल्जियममधल्या स्पा येथील चोवीस तासांची शर्यत माझ्या वहीत याच कारणासाठी वेगळ्या पानावर आहे. सात किलोमीटरचा ट्रॅक, आर्देनच्या जंगलातला लहरी पाऊस, लांबलचक चढ. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत तिथे पुढे इंजिन असलेल्या गाड्या सहा वेळा जिंकल्या: बीएमडब्ल्यू चारदा, त्यांत तो सोफासेट दोनदा, मग मर्सिडीज आणि ॲस्टन मार्टिन. मध्ये इंजिन असलेल्या ऑडी आणि फेरारी एकेकदा, आणि उरलेली दोन वर्षे मागे इंजिन असलेल्या पोर्शेने, जिला भौतिकशास्त्राने केव्हाच निवृत्त व्हायला सांगितले होते, आपल्या नावावर केली. ल माँच्या व्यावसायिक वर्गात सातास चार असा मागे पडलेला पुढचा रकाना इथे दोनास सहा असा भरभरून वाहतो. जिथे कारखान्याचे अभियंते नियमाच्या फटीफटीतून शर्यतीसाठीच गाडी आखतात, तिथे मध्य जिंकतो. जिथे विकत मिळणारी गाडी समतोलाच्या तराजूतून जाऊन पावसात, गर्दीत आणि थकलेल्या हातांत येते, तिथे चित्र पालटते. उद्या कोणी सारे नियम उठवले तर पुढे इंजिन असलेली गाडी दोन मोसमांत संपेल, याविषयी माझ्या मनात संशय नाही. २०१५ मध्ये निस्सानने प्रोटोटाइपमध्ये इंजिन पुढे ठेवून, चाकेही पुढचीच फिरवून पाहिली आणि ल माँला तिन्ही गाड्यांपैकी एकीचीही निकालात गणना झाली नाही. पण नियम उठवलेली शर्यत ही जीटी शर्यत नसते.

२०२४ च्या जूनमध्ये ल माँला जीटी३ गाड्या पहिल्यांदा उतरल्या. रात्रभर पाऊस होता, कित्येक तास सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी वेग रोखून धरणाऱ्या गाडीच्या, मागे रांगेने चालल्या आणि मी दोनदा डुलकी काढून उठलो तरी रांग तशीच होती. दुसऱ्या दिवशी निकाल लागला तेव्हा पहिली होती मागे इंजिन असलेली पोर्शे, दुसरी पुढे इंजिन असलेली बीएमडब्ल्यू आणि तिसरी पुढे इंजिन असलेली फोर्ड मस्टँग. फेरारी, मॅक्लारेन, लँबोर्गिनी आणि डंटोव्हच्या आत्म्याला शांती देणारी नवी कॉर्व्हेट, या मध्ये इंजिन असलेल्या सगळ्या गाड्या तिथे हजर होत्या आणि मधला रकाना त्या ओळीत कोरा राहिला.

त्या मस्टँगचे मला विशेष कौतुक वाटले. २०१६ मध्ये फोर्डने केवळ ल माँसाठी म्हणावी अशी, मध्ये इंजिन असलेली जीटी बनवली, १९६६ च्या विजयाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना वर्ग जिंकला आणि काही वर्षांनी ती गाडी गुंडाळून ठेवली. परत आले ते पुढे व्ही८ असलेली मस्टँग घेऊन. शेव्हरोले साठ वर्षे विचार करून पुढून मध्ये गेली, त्याच सुमारास फोर्ड मधून पुढे आली, आणि दोघींनाही आपण शहाणपणाच केला असे वाटत असणार.

जानेवारी २०२५ मध्ये डेटोनाची चोवीस तासांची शर्यत संपली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. जीटीच्या वरच्या वर्गात मस्टँग जिंकली होती. सोमवारी सकाळी कामावर जायचे होते, तरी मी दिवा लावला, वही काढली आणि पुढच्या रकान्यात फोर्ड असे लिहिले. मग पाने उलटत २०१६ पर्यंत मागे गेलो. तिथे मधल्या रकान्यात, माझ्याच हस्ताक्षरात, फोर्ड असे लिहिलेले होते. २०२० च्या जपानच्या पानावर एनएसएक्सचे नाव मी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिले आहे. तेव्हा तिला कुठे बसवावे हे सुचले नव्हते आणि त्या रात्रीही सुचले नाही. शेजारच्या खोलीतून वडिलांनी दिवा मालवायला सांगितले.